आधी पाणी, रस्ता आणि आराखडा. मग भोगवटा: नांदे ग्रामस्थ व सदनिकाधारकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. महानगर आयुक्त, पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण
मा. प्रधान सचिव, नगरविकास विभाग, महाराष्ट्र शासन
मा. जिल्हाधिकारी, पुणे
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, पुणे

विषय: मौजे नांदे (ता. मुळशी) येथील मोठ्या गृहप्रकल्पांचे नियोजन, पायाभूत सुविधा आणि रहिवाशांचे हक्क

महोदय,

हे मागणीपत्र नांद्याचे जुने खातेदार, गावठाणातील रहिवासी, नव्या संकुलांतील सदनिकाधारक आणि इथे भाड्याने राहणारी कुटुंबे यांनी एकत्र बसून ठरवले आहे. ज्यांनी जमिनी विकल्या ते यात आहेत आणि त्या जमिनीवर उभी राहिलेली घरे ज्यांनी कर्ज काढून घेतली तेही आहेत. 'गाववाले विरुद्ध सोसायटीवाले' हा वाद कोणाला सोयीचा वाटत असेल, तर तो आमच्याकडून मिळणार नाही. टँकर दोघांच्याही दारात सारखाच उशिरा येतो.

इमारती नकोत, असे आमचे म्हणणे नाही. हिंजवडीला कामाला जाणाऱ्या माणसाने नांद्यात घर घ्यावे, यात गैर काही नाही. शेतकऱ्याने आपली जमीन चांगल्या भावाने विकावी, यातही नाही. आमची हरकत क्रमाला आहे. आज आधी इमारत उठते, मग लोक राहायला येतात, मग पाण्याची शोधाशोध सुरू होते आणि रस्त्याचा प्रस्ताव सर्वांत शेवटी तयार होतो. हा क्रम उलटा करणे प्रशासनाच्या हातात आहे.

वस्तुस्थिती

महानगर प्रदेश विकास प्राधिकरण 31 मार्च 2015 रोजी स्थापन झाले. विकास आराखड्याचे काम 2017 मध्ये सुरू झाले, प्रारूप 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावर सुमारे 67 हजार हरकती व सूचना आल्या. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि 2025 मध्ये शासनाने ते प्रारूपच रद्द केले. ते निर्दोष होते, असे आम्ही म्हणत नाही. 67 हजार हरकती उगाच येत नाहीत. पण ते रद्द करताना त्याच्या जागी नवे काय येईल, याचे उत्तर गावाला मिळालेले नाही.

म्हणजे आज आमच्या गावाला लागू आहे ती 25 नोव्हेंबर 1997 रोजी मंजूर झालेली पुणे प्रादेशिक योजना. ती झाली तेव्हा हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान केंद्र नुकते आकाराला येत होते. तिच्यात रहिवास, शेती, वनीकरण असे विभाग आहेत, हे खरे. परंतु प्रादेशिक योजना जमिनीचा ढोबळ वापर सांगते. गावातल्या कोणत्या गटात शाळा, कुठे दवाखाना, कुठून अंतर्गत रस्ता, कुठे मैदान आणि कुठे स्मशानभूमी, हे ती सांगत नाही. शिवाय 40 हेक्टर सलग जमीन जुळवणाऱ्याला एकात्मिक नगर वसाहतीच्या तरतुदीखाली शेती विभागातही शहर वसवता येते. कागदावर विभाग आहेत, प्रत्यक्षात प्रत्येक प्रकल्प आपला नकाशा स्वतःच काढतो.

शेजारची सूस आणि म्हाळुंगे ही गावे 30 जून 2021 रोजी पुणे महापालिकेत गेली. नांदे बाहेर राहिले. शिवेच्या अलीकडे-पलीकडे उंची सारखी, दर जवळजवळ सारखे, जाहिरातीतले पत्तेही सारखे. जबाबदार यंत्रणा मात्र वेगळ्या. महापालिकेत घ्या, ही आमची मागणी नाही. गेलेल्या गावांचा अनुभव पाहता ती घाईने करावीशीही वाटत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, ज्या यंत्रणेच्या अखत्यारीत आम्ही आहोत तिने आपले काम पूर्ण करावे.

मागणी 1: नांद्यासाठी कालबद्ध स्थानिक आराखडा

संपूर्ण महानगर प्रदेशाचा नवा आराखडा होण्यास किती वर्षे लागतील, हे कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. तोवर नांद्याने थांबावे आणि प्रकल्पांनी थांबू नये, हे न्याय्य नाही.

नांदे, चांदे व लवळे या लगतच्या गावांसाठी 12 महिन्यांत स्थानिक आराखडा तयार करावा. त्यात किमान पुढील गोष्टी गटनंबरासह दाखवाव्यात: मुख्य व जोडरस्ते, ओढ्यांची रेषा, मुळा नदीच्या पूररेषा, शाळा, आरोग्य केंद्र, बाजाराची जागा, मैदान, स्मशानभूमी व दफनभूमी, मैलापाणी प्रक्रिया केंद्र आणि कचरा वर्गीकरणाची जागा.

यासाठी नवा कायदा लागत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 मध्ये नगररचना योजनेची तरतूद आहे. म्हाळुंगे-माण येथे सुमारे 250 हेक्टरवर ती हाती घेतली गेली असून शेतकऱ्याला जमिनीच्या निम्म्याच्या आसपास विकसित भूखंड परत मिळावा, असे तिचे सूत्र आहे. भूसंपादनापेक्षा हा मार्ग आम्हाला मान्य होण्याजोगा आहे. अट एकच: ज्याची जमीन रस्त्यात किंवा आरक्षणात जाईल त्याला भूखंड कुठे मिळणार, ते आधी नकाशावर दाखवावे आणि मग सही मागावी.

आराखड्याचे प्रारूप मराठीत, गटनंबरांसह, ग्रामपंचायत कार्यालयात 60 दिवस लावावे. सुनावणी नांद्यात घ्यावी. राज्यघटनेच्या अनुच्छेद 243-झेडईनुसार महानगर नियोजन समितीतील किमान दोन तृतीयांश सदस्य निवडून आलेल्या लोकप्रतिनिधींमधून येतात. ती समिती शोभेची नाही. प्रारूप तिच्यापुढे चर्चेला ठेवावे व चर्चेचा वृत्तांत प्रसिद्ध करावा.

मागणी 2: आराखडा होईपर्यंत क्षमता पत्रक

बारा महिने बांधकाम पूर्ण थांबवा, असे आम्ही म्हणत नाही. त्याने लहान जमीनमालकाचे आणि आगाऊ रक्कम भरून बसलेल्या ग्राहकाचेच नुकसान होईल.

त्याऐवजी 20,000 चौरस मीटरपेक्षा अधिक बांधकामाच्या प्रत्येक नव्या प्रस्तावासोबत एक 'क्षमता पत्रक' जोडणे सक्तीचे करावे. दोन पाने पुरतील: या गावात आजवर मंजूर सदनिका किती, भोगवटा मिळालेल्या किती, त्यांना लागणारे पाणी किती, उपलब्ध किती, पोहोचरस्त्याची प्रत्यक्ष मोजलेली रुंदी किती आणि नवा प्रकल्प धरून हे आकडे कुठे जातात. पत्रक मंजुरीपूर्वी 30 दिवस संकेतस्थळावर आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर असावे.

20,000 चौरस मीटर हा आकडा आम्ही मनाने काढलेला नाही. 14 सप्टेंबर 2006 च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेत बांधकाम प्रकल्पांसाठी हीच खालची मर्यादा आहे. पण ती अधिसूचना प्रत्येक प्रकल्पाला एकेकटे मोजते. शेजारी शेजारी 19,000 चौरस मीटरचे दोन प्रकल्प झाले तर मूल्यांकन एकाचेही होत नाही. ओझे 38,000 चे पडते. म्हणून पत्रकात बेरीज गावाची हवी. 20,000 पेक्षा लहान प्रस्तावांना पत्रक नको, परंतु त्यांचे क्षेत्र या बेरजेत धरले पाहिजे.

मागणी 3: पाणी

हा आमचा सर्वांत जुना आणि सर्वांत महाग प्रश्न आहे.

हिशेब साधा आहे. 1,000 सदनिकांच्या संकुलात घरटी 4 माणसे धरली आणि माणशी दिवसाला 135 लिटर हे शहरी प्रमाण धरले, तर दिवसाला 5,40,000 लिटर पाणी लागते. 10,000 लिटरचे 54 टँकर. प्रत्येक टँकर येतो आणि जातो, म्हणजे त्याच अरुंद रस्त्यावर 108 फेऱ्या. हे एका संकुलाचे झाले. पाण्याचा प्रश्न आणि वाहतुकीचा प्रश्न वेगवेगळ्या विभागांच्या फायलींत आहेत, रस्त्यावर ते एकच आहेत.

परवानगी घेताना विकासक हमीपत्र देतो की, शासकीय पुरवठा होईपर्यंत पाण्याची सोय तो करील. पुढे सोसायटी स्थापन होते, विकासक व्यवस्थापनातून बाहेर पडतो आणि टँकरचे देयक सदनिकाधारकांच्या देखभाल खर्चात बसते. हमीपत्रावर सही एकाची, पैसे दुसऱ्याचे.

दुसरीकडे गावठाण. जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागाचे प्रमाण माणशी 55 लिटर आहे. म्हणजे एकाच गावात, भिंतीच्या आत 135 आणि भिंतीबाहेर 55. गावात बिगरशेती आकारणी, वाहतूक आणि जमिनीचे भाव शहराचे आले असताना पाणी तेवढे ग्रामीण का राहावे?

मुळशीकराला हा प्रश्न अधिक बोचतो, त्याला कारण आहे. 16 एप्रिल 1921 रोजी याच तालुक्यात धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. पुढे सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले. धरण झाले, गावे बुडाली. शंभर वर्षे झाली तरी मुळशीच्या जलाशयाचे पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला भिऱ्याकडे उतरते आणि धरणाच्या खालच्या अंगाची गावे उन्हाळ्यात टँकर मोजतात. विजेचे महत्त्व आम्ही नाकारत नाही. राज्याच्या जलनीतीत पिण्याच्या पाण्याला पहिला क्रम आहे, तो इथे लागू करा, एवढेच म्हणतो.

म्हणून आमच्या मागण्या:

मुळशी जलाशयातून महानगर प्रदेशासाठी पाणी मिळण्याचा जो कोणता निर्णय होईल, त्यात मुळशी तालुक्यातील गावांचा वाटा आधी आणि आकड्यात नमूद करावा. नांदे परिसरासाठी प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेचा सविस्तर प्रकल्प अहवाल 6 महिन्यांत करावा व त्यात गावठाण आणि संकुले या दोघांनाही 135 लिटरचे एकच प्रमाण धरावे.

तोपर्यंत, शाश्वत स्रोताचा लेखी पुरावा असल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये. टँकरच्या ठेकेदाराशी केलेला करार हा स्रोत मानू नये. ही मागणी अतिरेकी वाटत असेल तर शेजारीच पाहावे: बाणेर-बालेवाडीच्या पाण्यावरून 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नव्या बांधकाम परवानग्या आणि भोगवट्यावर निर्बंध घातले होते. न्यायालयाने सांगितल्यावर जे करावे लागते, ते आधीच केलेले बरे.

हमीपत्रासोबत बँक हमी घ्यावी. रक्कम किमान 3 वर्षांच्या टँकर खर्चाइतकी असावी आणि सोसायटी स्थापन झाली तरी ती परत करू नये. नळाचे पाणी आल्यावर करावी.

टँकर, कूपनलिका आणि खासगी शुद्धीकरण केंद्रे यांच्या पाण्याची दरमहा तपासणी करून निकाल फलकावर लावावेत. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गुलेन-बारे सिंड्रोमचे (जीबीएस) रुग्ण वाढले, तेव्हा किरकटवाडी, नांदेड या नव्याने समाविष्ट गावांच्या पाण्याकडेच पहिले बोट गेले. त्यानंतर तपासणीला खर्च येतो, हे कारण कोणी पुढे करू नये.

मागणी 4: रस्ते, पाणंदी आणि अवजड वाहने

एकात्मिक नगर वसाहतीला किमान 18 मीटर रुंद रस्त्याने पोहोच हवी, असा नियम आहे. इतर प्रकल्पांतही मिळणारे चटईक्षेत्र रस्त्याच्या रुंदीवर ठरते. मग रुंदी मोजायची ती कागदावर प्रस्तावित की जागेवर वापरात असलेली? आमची मागणी आहे की, भोगवट्याच्या वेळी प्रत्यक्ष, डांबरी, अतिक्रमणमुक्त रुंदीची मोजणी व्हावी आणि ती प्रकल्पाच्या प्रवेशद्वारापुरती नव्हे, मुख्य रस्त्याला मिळेपर्यंत व्हावी.

सूस-नांदे-चांदे रस्त्याच्या रुंदीकरणाचे अंदाजपत्रक, भूसंपादनाची स्थिती आणि कामाचा टप्पा दर तीन महिन्यांनी जाहीर करावा. या कामात पदपथ आणि पावसाळी गटार 'नंतर' म्हणून वगळू नये. नंतरचे पदपथ आम्ही पुष्कळ ठिकाणी पाहिले आहेत. ते होत नाहीत.

शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी डंपर आणि काँक्रीट मिक्सर यांना गावातून बंदी असावी. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 115 खाली हे निर्बंध घालता येतात. एका अधिसूचनेचे काम आहे.

पाणंद आणि शिव रस्त्यांचा मुद्दा बाहेरच्या माणसाला किरकोळ वाटेल. शेतकऱ्याला तो जगण्याचा आहे. सलग जमीन जुळवली की तिच्या मधून जाणारी वहिवाट संपते. कुंपण पडते, दरवाजा बसतो, सुरक्षारक्षक वही पुढे करतो आणि पिढ्यान् पिढ्या बैलगाडी नेणारा माणूस पलीकडच्या स्वतःच्या वावरात जाण्यासाठी 'कोणाकडे जायचंय?' या प्रश्नाला उत्तर देत उभा राहतो. गावनकाशावरील सर्व पाणंद, गाडीवाट व शिव रस्त्यांची भूमी अभिलेख विभागाने 6 महिन्यांत मोजणी करून खुणा रोवाव्यात. त्या खुणा रेखांकनात दाखवल्याशिवाय ते मंजूर करू नये. जिथे वाट आधीच बंद झाली आहे तिथे तहसीलदारांनी मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली गावातच शिबिर घेऊन प्रकरणे निकाली काढावीत. संकुलांतील सदनिकाधारकांचा या मागणीला लेखी पाठिंबा आहे. मोकळी वाट आग लागल्यावर त्यांच्याही उपयोगाची आहे.

मागणी 5: ओढे आणि पूररेषा

टेकडीवरून उतरणारे ओढे मुळेला मिळतात. ओढा वळवणे, नळीत घालणे, त्यावर भराव टाकणे यांची किंमत खालच्या अंगाचा माणूस भरतो. 2025 च्या पावसाळ्यात हिंजवडीत काय झाले, ते सर्वांनी पाहिले आहे.

गावातील सर्व ओढ्यांची मूळ रुंदी जुन्या गावनकाशावरून निश्चित करावी. पुढील पावसाळ्यापूर्वी भराव काढावा. खर्च भराव टाकणाऱ्याकडून वसूल करावा, ग्रामपंचायतीकडून नव्हे. मुळेची निळी रेषा (25 वर्षांतून एकदा येणारा पूर) आणि लाल रेषा (100 वर्षांतून एकदा येणारा) यांचे दगड जागेवर लावावेत. नकाशातली रेषा खरेदीदाराला दिसत नाही.

मागणी 6: ज्या गावातून पैसा, त्या गावात खर्च

विकास शुल्क, अधिमूल्य आणि मुद्रांक शुल्कावरील अधिभार हे तिन्ही नांद्यातील व्यवहारांतून जमा होतात. परत किती येतात, याचा एकत्रित ताळेबंद गावाने कधी पाहिलेला नाही.

2015 पासून या गावच्या हद्दीतून वर्षनिहाय जमा झालेली रक्कम आणि याच हद्दीत झालेला खर्च 60 दिवसांत प्रसिद्ध करावा. यापुढे विकास शुल्क व अधिमूल्यातील प्राधिकरणाच्या वाट्यापैकी किमान 50 टक्के रक्कम गावनिहाय स्वतंत्र लेखाशीर्षात ठेवावी. कामे ग्रामसभेच्या प्राधान्यक्रमाने घ्यावीत. मुद्रांक शुल्काच्या अधिभारातील ग्रामपंचायतीचा हिस्सा थकवू नये.

अशा मागण्यांना उत्तर म्हणून, झोनिंगशिवाय (जमीनवापराच्या विभागांशिवाय) वाढलेल्या अमेरिकेतील ह्यूस्टन शहराकडे बोट दाखवले जाते: तिथे कायदा नाही, तरी चालतेच की! हे अर्धसत्य आहे. ह्यूस्टनच्या मतदारांनी 1948, 1962 आणि 1993 असे तीन वेळा झोनिंग नाकारले, हे बरोबर. पण तिथे भूखंडाच्या खरेदीखतातच वापराचे निर्बंध असतात आणि ते मोडल्यास महापालिकेचा विधी विभाग न्यायालयात जातो. एखाद्या गल्लीतील मालक बहुमताने अर्ज करून आपल्याकडील किमान भूखंड आकार राखून घेऊ शकतात. अपटाऊन या उच्चभ्रू भागात 1999 पासून मालमत्ता करातील वाढ वेगळी काढून त्याच भागातल्या पायाभूत कामांना वापरली जाते. 2017 च्या हार्वे वादळात शहर बुडाल्यावर पुढच्याच वर्षी नियम झाला की, पूरक्षेत्रातील नवी जोती 500 वर्षांतल्या पुराच्या पातळीपेक्षा 2 फूट वर हवीत. ज्या शहराला झोनिंग नको होते, त्यानेही रहिवाशाच्या हाती काहीतरी दिले. आमच्याकडे विभाग कागदावर आहेत आणि रहिवाशाच्या हाती पावती.

मागणी 7: गावठाण आणि लहान भूखंडधारक

40 हेक्टरवाल्याला सल्लागार, वास्तुविशारद आणि मुंबईपर्यंतचा रस्ता माहीत असतो. दोन गुंठ्यांत घर बांधणाऱ्याला बिगरशेतीचा अर्ज कुठे द्यायचा, इथपासून सुरुवात असते.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 42-ड नुसार गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतील, विकासयोग्य विभागातील जमीन ठरावीक रक्कम भरल्यावर अकृषिक मानली जाते. पात्र गटांची यादी महसूल विभागाने स्वतः काढून आकारणीच्या नोटिसा द्याव्यात. खातेदाराला खेटे घालायला लावू नयेत. पौडच्या तहसील कार्यालयाने यासाठी तीन महिन्यांतून एकदा नांद्यात शिबिर घ्यावे. गावठाणातील मिळकतींच्या सनदा वाटून पूर्ण कराव्यात.

तुकडेबंदीच्या 1947 च्या कायद्यामुळे अडकलेल्या लहान भूखंडांवरील राहत्या घरांना, रस्ता आणि गटारासाठी जागा सोडण्याच्या अटीवर, नियमित करावे. अशी घरे पाडण्याची नोटीस आणि शेजारी मोठ्या प्रकल्पाला वाढीव चटईक्षेत्र, हे दृश्य गावाला मान्य होणार नाही.

मागणी 8: सदनिकाधारकांचे हक्क

स्थावर संपदा अधिनियम, 2016 च्या कलम 14 नुसार मंजूर नकाशात बदल करायचा तर दोन तृतीयांश खरेदीदारांची पूर्वसंमती लागते. टप्प्याटप्प्याने उभ्या राहणाऱ्या संकुलांत मैदानाच्या जागी पुढे इमारत येते आणि पहिल्या टप्प्यातील माणसाला ते खिडकीतून कळते. यात विकासकाइतकाच मंजुरीच्या पद्धतीचा दोष आहे, कारण महारेराकडची संमती आणि नियोजन प्राधिकरणाकडची सुधारित परवानगी या दोन फायली एकमेकींना भेटत नाहीत.

सुधारित नकाशाच्या प्रत्येक अर्जासोबत खरेदीदारांच्या संमतीची छाननी केलेली यादी बंधनकारक करावी. रेखांकनातील 10 टक्के मोकळी जागा आणि सुविधा क्षेत्र पहिल्याच टप्प्याच्या भोगवट्यापूर्वी आखून, कुंपण घालून ताब्यात घ्यावे. कलम 17 प्रमाणे अभिहस्तांतरण झाले की नाही, याचा प्रकल्पनिहाय तक्ता जिल्हा उपनिबंधकांनी प्रसिद्ध करावा.

सर्वसमावेशक गृहनिर्माणाच्या नियमात बसणाऱ्या प्रकल्पांतील 20 टक्के लहान घरे त्याच जागी, त्याच पाण्याच्या आणि लिफ्टच्या सोयीसह व्हावीत. या संकुलांत धुणीभांडी करणाऱ्या, गाड्या चालवणाऱ्या, रात्रपाळीला फाटकावर बसणाऱ्या माणसांनी राहायचे कुठे, हा प्रश्न श्रीमंत वसाहतीच्या नियोजनात शेवटी येतो. तो इथे आठव्या मागणीत आला आहे, याचीही आम्हाला जाणीव आहे.

मागणी 9: इतर तातडीच्या बाबी

मैलापाणी प्रक्रिया केंद्रे चालू आहेत की केवळ बांधलेली आहेत, याची प्रदूषण नियंत्रण मंडळामार्फत पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी व्हावी. वीज मीटरच्या नोंदी पाहिल्या तरी उत्तर मिळते.

उंच इमारतींना परवानगी देणाऱ्या प्राधिकरणाने नांदे-चांदे-लवळे पट्ट्यासाठी शिडीच्या वाहनासह अग्निशमन केंद्र एका वर्षात सुरू करावे. जागा सुविधा क्षेत्रातून मिळू शकते.

शिक्षण हक्काच्या नियमांनुसार पहिली ते पाचवी 1 किलोमीटरच्या आणि सहावी ते आठवी 3 किलोमीटरच्या आत हवी. वाढलेल्या वस्तीचा पट धरून जिल्हा परिषद शाळेला खोल्या आणि शिक्षक मंजूर करावेत.

अंमलबजावणी

वरील मागण्यांपैकी मागणी 2, टँकरच्या पाण्याची तपासणी, अवजड वाहनांची वेळ, शुल्काचा ताळेबंद आणि महसूल शिबिर यांना नवा निधी जवळजवळ लागत नाही. त्या 60 दिवसांत होऊ शकतात. मोजणी आणि ओढ्यांचे काम एका पावसाळ्याआधीचे आहे. आराखडा 12 महिन्यांचा. पाणी योजनेला वेळ लागेल, हे आम्ही जाणतो. म्हणूनच तिचा अहवाल आज सुरू व्हायला हवा.

या सर्वांसाठी प्राधिकरण, महसूल, जिल्हा परिषद, जलसंपदा, ग्रामपंचायत आणि रहिवासी यांची संयुक्त समिती नेमावी. तिची बैठक महिन्यातून एकदा नांद्यात व्हावी आणि इतिवृत्त 7 दिवसांत प्रसिद्ध व्हावे. रहिवाशांच्या प्रतिनिधींत निम्म्या महिला असतील आणि गावठाण व संकुले यांची संख्या समसमान राहील, हे आमच्याकडून ठरले आहे.

मागणीपत्र मिळाल्यापासून 45 दिवसांत मुद्देनिहाय लेखी उत्तर द्यावे. जी मागणी मान्य नाही तिच्यापुढे कोणत्या नियमाने मान्य नाही, ते लिहावे. 'कार्यवाही प्रस्तावित आहे' या वाक्याला आम्ही उत्तर समजणार नाही. मुदतीनंतरच्या पहिल्या ग्रामसभेत आलेले उत्तर वाचून दाखवले जाईल. न आल्यास त्याच सभेत उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल करण्याचा ठराव मांडला जाईल. त्यासाठीची कागदपत्रे, टँकरच्या पावत्या आणि पाणंदींचे जुने नकाशे यांची जुळवाजुळव सुरू झाली आहे.

नांदे ग्रामस्थ व सदनिकाधारकांच्या वतीने,
नांदे, ता. मुळशी, जि. पुणे